या वयात ताई ची शिकायला घेतले आणि पुन्हा पडले तर?

‘मला पडण्याची भीती वाटते’ हे वाक्य समुपदेशनाला आलेली ज्येष्ठ माणसे सहसा स्वतःहून उच्चारत नाहीत. झोप लागत नाही, कुठे जावेसे वाटत नाही, कशात मन रमत नाही, अशा तक्रारी ती सांगतात आणि सोबत आलेले घरचे लोक ‘हल्ली फार उदास असतात’ अशी भर घालतात. ज्या बाईंविषयी येथे लिहीत आहे त्यांनाही त्यांचा मुलगा याच कारणासाठी घेऊन आला होता. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय ७१, स्मरणशक्ती उत्तम, बोलणे नेमके. काही महिन्यांपूर्वी त्या घरातच पाय घसरून पडल्या होत्या. हाड मोडले नव्हते, मुका मार तेवढा लागला होता. डॉक्टरांनी रक्तदाब, चालू असलेली औषधे आणि दृष्टी तपासली होती आणि हालचालींवर कोणतेही बंधन घातले नव्हते. उलट ताई ची, म्हणजे मूळची युद्धकला असलेला संथ हालचालींचा चिनी व्यायाम, शिकण्याचा सल्ला दिला होता. तो सल्ला ऐकल्यापासून बाई अधिकच अस्वस्थ झाल्या होत्या.

“एका पायावर उभं राहायचं, हळूहळू वळायचं, असं काहीतरी असतं म्हणे त्यात,” त्या म्हणाल्या. “नीट चालताना पडले मी. या वयात हे शिकायला घेतलं आणि पुन्हा पडले तर?”

हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून अनेकदा ऐकायला मिळतो, आणि ‘घाबरू नका, काही होत नाही’ हे त्याचे उत्तर नाही. पडण्याचा अनुभव घेतलेल्या माणसाची भीती खोटी नसते. ती नेमकी कशाची आहे हे मात्र अनेकदा त्यालाही ठाऊक नसते. त्यासाठी एक प्रमाणित प्रश्नावली वापरली जाते. अंघोळ, जिना, निसरडी जमीन, गर्दी अशा १६ प्रसंगी पडण्याची किती काळजी वाटते, हे त्यात १ ते ४ या श्रेणीत सांगायचे असते. बाईंच्या उत्तरांत जिन्याला फारसे गुण मिळाले नाहीत. सर्वाधिक काळजी होती ती वाजणारा फोन बंद पडण्याआधी तिथवर पोहोचण्याची. मग बोलण्यातून उलगडत गेले की कोणी मागून हाक मारली, दारावरची घंटा वाजली, वर ठेवलेली वस्तू काढायची वेळ आली, की त्यांच्या छातीत धस्स होते. भीती चालण्याची नव्हती. घाईने वळण्याची आणि शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर अचानक जाण्याची होती.

ही भीती शरीरात उतरते, आणि तेथेच ती घातक ठरते. घाबरलेला माणूस पावले आखूड टाकतो, नजर जमिनीवर ठेवतो, अंग ताठ धरतो. ताठलेल्या शरीराला तोल जाताना स्वतःला सावरून घेणे जड जाते. शिवाय तो बाहेर पडेनासा होतो, त्यामुळे मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू क्षीण होतात, घोट्यांची तत्परता कमी होते आणि पडण्याची शक्यता खरोखरच वाढते. घरच्यांची माया यात नकळत भर घालते. ‘तुम्ही उठू नका, मी आणतो’ हे वाक्य या बाईंच्या घरी दिवसभरात किती वेळा बोलले जाई, याची मोजदाद कोणी ठेवली नव्हती; पण पहिल्या भेटीत माझ्यासमोरच मुलगा ते दोनदा बोलला.

ताई चीचा संबंध येथे येतो. कॅनडात दीर्घकालीन निवासी देखभाल केंद्रांमध्ये ज्येष्ठांचे पडण्याचे प्रसंग चित्रीकरणावरून तपासणारा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील २२७ प्रसंगांपैकी ४१ टक्के प्रसंगांत कारण होते शरीराचा भार चुकीच्या रीतीने सरकणे. ठेच लागणे किंवा घसरणे हे त्यामानाने मागे होते. ताई चीचा बराचसा सराव नेमका याच एका कृतीचा असतो. एका पायावर भार पूर्ण घ्यायचा, दुसरा पाय रिकामा झाला आहे याची खात्री करायची, तो रिकामाच पुढे टेकवायचा आणि जमीन नीट जाणवल्यावरच त्यावर भार सोपवायचा. पाऊल मध्येच मागे घेता येईल इतके ते सावकाश टाकायचे असते. म्हणजे बाईंना ज्याची धास्ती होती तीच गोष्ट येथे घाई काढून टाकून, शंभरदा करून पाहायची होती. समुपदेशनातही भीतीवर आम्ही असेच काम करतो: भीतीच्या वस्तूजवळ पायरीपायरीने, सुरक्षितपणे जायचे आणि प्रत्येक पायरीवर मन शांत होईपर्यंत थांबायचे.

याला संशोधनाचा आधार आहे, तो किती आहे हेही सांगितले पाहिजे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ७० वर्षांवरील ६७० व्यक्ती होत्या. त्या आदल्या वर्षात पडलेल्या होत्या किंवा त्यांच्या हालचाली मंदावलेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा, एकेक तास, असे २४ आठवडे ताई ची केलेल्या गटात पडण्याचे प्रमाण केवळ ताण देण्याचे व्यायाम केलेल्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात ताई चीमुळे होणारी घट सुमारे १९ टक्के दिसते. मी लोकांना दोन्ही आकडे सांगते आणि अपेक्षा दुसऱ्या आकड्याइतकीच ठेवायला सांगते.

बाईंची दुसरी शंका त्यांनी तिसऱ्या भेटीत, मुलगा बाहेर गेल्यावर सांगितली. “क्रम लक्षात राहिला नाही तर सगळ्यांसमोर हसं होईल.” माझ्या अनुभवात पडण्यापेक्षाही ही लाज अधिक लोकांना घरी बसवते. ताई ची म्हणजे लांबलचक, पाठ करायची नृत्यासारखी मालिका, अशी समजूत त्यामागे असते. जुन्या परंपरांमध्ये तशा दीर्घ मालिका आहेतच. पण सामान्य माणसाला शिकता यावे म्हणूनच चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ मध्ये ताई चीची यांग ही शैली आटोपशीर करून २४ हालचालींची मालिका तयार केली, आणि वर उल्लेखलेल्या चाचणीत तर त्यांतून घेतलेल्या आठच हालचाली होत्या. ताई चीच्या सुन या दुसऱ्या शैलीचे प्रवर्तक सुन लुतांग यांनी स्वतः ताई ची शिकायला सुरुवात केली ती पन्नाशीच्या सुमारास, हे सांगण्याचा मोह होतो. परंतु ते आधीच दोन अन्य युद्धकलांचे निष्णात होते, त्यामुळे त्यांच्या उदाहरणाने नवख्याला धीर येण्याचे कारण नाही. त्यांच्या शैलीतली उंच ठेवण (गुडघे फारसे न वाकवता उभे राहणे) आणि आखूड पावले मात्र गुडघे दुखणाऱ्यांना खरोखर मानवतात.

सुरुवात खुर्चीत बसून झाली. प्रशिक्षिकेशी आधी बोलून घेतले होते, आणि त्यांनी कोणतेही आढेवेढे न घेता पहिले काही वर्ग केवळ बसून हात, खांदे व श्वास यांवर घेतले. मग खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहणे, डावीकडून उजवीकडे भार नेणे. मग एका हाताचा आधार, मग बोटांचा. ‘ढगांसारखे हात फिरवणे’ ही पहिली पूर्ण हालचाल, कारण त्यात पावले बाजूला पडतात आणि नजर हातामागे जाते, म्हणजे जमिनीवरून आपोआप सुटते. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच वाकतो आहे ना, तो आत तर वळत नाही ना, श्वास रोखला जात नाही ना, एवढेच पाहायचे. दुखू लागेल इतके खाली बसायचे नाही. ‘सोनेरी कोंबडा एका पायावर उभा राहतो’ ही हालचाल त्यांच्यापुरती वगळली, आणि त्यामुळे काहीही बिघडले नाही.

माझ्याकडचा अभ्यास निराळा होता. फोन वाजला की उठायचे, पण तो बंद पडला तरी चालेल असे ठरवूनच उठायचे. नंतर आपण परत फोन करायचा. मुलाला दिलेला अभ्यास अधिक कठीण होता: आई उठू लागली की आपण बसून राहायचे. पुढील काही महिन्यांत प्रश्नावलीतील गुण उतरले, म्हणजे काळजी कमी झाली. झोप सुधारायला त्याहून अधिक वेळ लागला, आणि त्यासाठी वेगळे उपाय करावे लागले. ज्यांचे औदासीन्य खोल असते, त्यांना केवळ व्यायामावर सोडणे मला योग्य वाटत नाही.

मुलाचे वय ४४. बैठे काम, आखडलेली पाठ, आणि ‘हे वयस्करांचं आहे’ असे ठाम मत. आईला सोबत म्हणून तो वर्गात उभा राहिला आणि गुडघे थोडे वाकवून सावकाश पावले टाकताना काही मिनिटांतच त्याच्या मांड्या थरथरू लागल्या. हळू चालणारी हालचाल सोपी असते, ही समजूत तेथे गळून पडते. संथपणा वयासाठी केलेली सवलत नव्हे; वेगाच्या आड लपणारी कमजोरी त्यात उघडी पडते. तरुणपणी सुरुवात केली तर खालची ठेवण, चेन शैलीतले झटके आणि उड्याही करता येतात. साठीनंतर तीच तत्त्वे उंच ठेवणीत पाळायची. श्रमाच्या मोजपट्टीवर साधी ताई ची बऱ्यापैकी वेगाने चालण्याच्या जवळपास येते, म्हणून स्नायू बळकट करणारे वेगळे व्यायाम कोणत्याही वयात आठवड्यातून दोनदा तरी करावेतच.

हाडांचा ठिसूळपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, उभे राहताना येणारी भोवळ किंवा वरचेवर पडणे असेल, तर आधी डॉक्टरांना भेटावे आणि मगच वर्ग शोधावा. वर्ग शोधताना एकच प्रश्न पुरेसा बोलका ठरतो: ‘मी खुर्ची घेऊन आले तर चालेल का?’ या प्रश्नावर कपाळाला आठी घालणारा किंवा प्राणशक्तीच्या जोरावर औषधे सोडवून दाखवण्याचे आश्वासन देणारा शिक्षक, दोघांनाही मी टाळायला सांगते. बाई अजून त्या वर्गाला जातात. जिन्याचा कठडा त्या धरतात आणि तो सोडण्याचा आग्रह त्यांना मी केलेला नाही, प्रशिक्षिकेनेही नाही.