मुका मार आणि दित दा जाव

प्रश्न : कुंगफूच्या सरावात नडगीवर लाथ बसली. भाग सुजून गरम झाला आहे. क्लासमध्ये ‘जाव’ची तपकिरी बाटली मिळाली. लगेच चोळू का? (एक वाचक, ठाणे)

आज नको. कँटोनीजमध्ये ‘दित’ म्हणजे पडणं, ‘दा’ म्हणजे मार आणि ‘जाव’ म्हणजे दारू. पडण्या-मारावर चोळायची औषधी दारू असा सरळ अर्थ. दक्षिण चीनमध्ये कुंगफूचे उस्ताद बरेचदा हाडवैद्यही असत. अशाच एका उस्तादाचं, वोंग फे-हुंग यांचं ‘पो ची लाम’ हे औषधालयच होतं. या हाडवैद्यांच्या पद्धतीत ताजी, लाल, गरम सूज आणि जुनं, थंड, आखडलेलं दुखणं यांचं औषध एक नसतं. बाजारातल्या बहुतेक बाटल्या उष्ण असतात. ताज्या सुजेवर त्या चोळल्या की त्या भागातलं रक्त आणखी वाढतं, आणि चोळण्याने आधीच फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या पुन्हा वाहू लागतात. दुसऱ्या दिवशी काळंनिळं दुप्पट पसरतं आणि दोष जावला जातो.

पहिले दोन दिवस पाय उंच ठेवा आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा लावा. जुने चिनी वैद्य मात्र बर्फाच्या विरोधात असतात. ते रेवाचिनी आणि आणखी दोन पिवळ्या कडू औषधांचं समभाग चूर्ण अंड्याच्या पांढऱ्यात कालवून लेप देतात. हा लेप थंड पडतो खरा, पण चादरीवरचा त्याचा डाग जात नाही.

सूज गरम लागायची थांबली की जाव घ्या. अर्धा चमचा तळहातावर घेऊन कडेकडून हृदयाच्या दिशेने तीन-चार मिनिटं चोळा, दिवसातून तीनदा. पहिल्यांदा वापरताना हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. खरचटलेल्या किंवा फाटलेल्या कातडीवर थेंबही नको. चार पावलं टाकता येत नसतील, किंवा बोटाने हाडावर दाबल्यावर नेमकं एका जागी जीव जात असेल, तर बाटली बाजूला ठेवून एक्स-रे काढा. पोटरी दगडासारखी घट्ट झाली आणि पावलाला मुंग्या येऊ लागल्या, तर थेट इस्पितळात जा. तिथे तासांचा हिशेब असतो.

प्रश्न : घरी बनवता येईल का? (एक वाचक, पुणे)

येईल, आणि यातली बरीचशी औषधं आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातलीच आहेत. एक लिटर दारूला करडईच्या सुक्या पाकळ्या १५ ग्रॅम, हिराबोळ १५, ऊद १५, रेवाचिनी २० आणि हिरादोखी ५ ग्रॅम घ्या. हिरादोखीत साधी राळ मिसळलेली असते, म्हणून ओळखीच्या दुकानातूनच घ्या. चिनी कृतीतली दांग ग्वेची मुळी मिळाली तर २० ग्रॅम घाला, नाही मिळाली तर अडत नाही.

डिंकासारखी औषधं खलबत्त्याला चिकटतात. ती रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून मग कुटा. जाडसरच राहू द्या, वस्त्रगाळ केलीत तर नंतर गाळता गाळता नाकी नऊ येतील. दारू ४० ते ५० टक्क्यांची हवी, साधी व्होडका चालते. १२ टक्क्यांच्या वाइनमध्ये बोळ आणि ऊद विरघळत नाहीत, तळाशी गोळा होऊन बसतात. रंगकामाचं स्पिरिट मात्र कधीही नको, त्यातलं मिथेनॉल कातडीतूनही अंगात जातं. काचेची बरणी घ्या आणि अंधारात किमान सहा आठवडे, शक्य तर तीन महिने ठेवा. रोज एकदा हलवा. घाई म्हणून गॅसवर तापवू नका, दारूची वाफ पेट घेते.

जुन्या कृतींमध्ये ‘छ्वान वू’, ‘चाव वू’ अशी नावं दिसतील. हा आपला बचनागाचा गोतावळा. वेदना बधिर होतात खऱ्या, पण हे विष कातडीतून शोषलं जातं. तोंडाभोवती मुंग्या, उलट्या, मग हृदयाचे ठोके बिघडणं, या क्रमाने ते चढतं. घरच्या बरणीत ते घालूच नये. कुठल्याही जावच्या बरणीवर ठळक लिहा : ‘पोटात घेऊ नये’. रंग रमसारखाच दिसतो.

प्रश्न : वडील रक्त पातळ करण्याची वॉरफरिनची गोळी घेतात. गुडघ्याला विंटरग्रीनच्या वासाचं चिनी तेल चोळलं तर? (एक वाचक, सांगली)

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तो वास मिथाइल सॅलिसिलेटचा, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या नात्यातल्या द्रव्याचा. रोज मोठ्या भागावर चोळलं तर ते रक्तात उतरतं आणि गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. शुद्ध विंटरग्रीन तेलाच्या ५ मिलीत सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट असतं, म्हणजे ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या. तेव्हा बाटली नातवंडांच्या हाताला लागू देऊ नका. कापूर असलेली बाटलीही तशीच वर ठेवा, तो पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात. आणि तेल लावून वर गरम पाण्याची पिशवी किंवा घट्ट पट्टी नको, कातडी भाजते.