उत्तर: द्राक्षाच्या चोथ्यावर इन्व्हर्टेज बसवण्याबाबत

दिंडोरीकडच्या वायनरीतून मिळणारा चोथा आपल्याला इन्व्हर्टेजसाठी (साध्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करणारे एन्झाइम) आधार म्हणून, म्हणजे एन्झाइम पुन्हा पुन्हा वापरता यावे म्हणून ज्यावर ते बसवतात तो घन पदार्थ म्हणून, वापरायचा आहे, चोथा फुकट मिळतो आहे आणि तरीही महाविद्यालयाचा खरेदी विभाग तीन दरपत्रके मागतो आहे, असे आपण लिहिले आहे. माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाचे याच अडचणीने नुकसान झाले, म्हणून सविस्तर लिहितो. अधिशोषण (एन्झाइम आधाराला नुसते चिकटणे) आणि सहसंयुज बंध (ते रासायनिक बंधाने जोडणे) यांतला फरक आपल्याला ठाऊक असणार, तो सोडून देतो.

आमच्या कार्यालयाचे (नाव घेत नाही) म्हणणे असे की, ज्या वस्तूचे बिल नाही ती वस्तू प्रयोगशाळेत येऊच शकत नाही. त्यामुळे वायनरी जे टाकून देते त्याचा दर तीन पुरवठादारांकडून लेखी आणावा. नाशिक परिसरात वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. आमचा कागद टेबलाटेबलांवरून फिरून मंजूर झाला तोवर हंगाम उलटला होता आणि हाती आला तो ढिगात पडून बुरशी धरलेला चोथा. बुरशी स्वतःच एन्झाइम सोडते, तेव्हा अशा मालावर मोजलेली सक्रियता नेमकी कोणाची, हे सांगणे अवघड होते. माझे स्पष्ट मत आहे की खरेदीच्या वाटेला जाऊच नये: वायनरीकडून ‘टाकाऊ माल, विनामूल्य’ असे दोन ओळींचे पत्र घ्यावे आणि मार्गदर्शकांच्या सहीने साठा नोंदवहीत नोंद करावी. अर्थात प्रत्येक संस्थेचे नियम निराळे असतात, त्यामुळे आधी मार्गदर्शकांना विचारावे.

चोथा ताजा असला तरी तो निरुपद्रवी नसतो. पांढऱ्या वाइनची द्राक्षे किण्वनाआधीच पिळतात, म्हणून त्या चोथ्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज भरपूर उरतात आणि डीएनएस पद्धतीत (रंगाच्या गडदपणावरून अशा साखरा मोजण्याची चाचणी) रंग उगाच गडद येतो. लाल वाइनचा चोथा किण्वनानंतर निघतो. त्यात यीस्ट असते आणि यीस्टचे स्वतःचे इन्व्हर्टेजही. शिवाय टॅनिन (द्राक्षाच्या सालीतले आणि बियांतले तुरट द्रव्य) प्रथिनांना चिकटून एन्झाइमची सक्रियता घटवते. म्हणून चोथा पाण्यात उकळावा, साखर संपेपर्यंत धुवावा, मग पाणी मिसळलेल्या अल्कोहोलने टॅनिन शक्य तितके काढावे आणि लगेच वाळवावा. एन्झाइम न घातलेला, पण बाकी सर्व प्रक्रिया केलेला नमुना प्रत्येक वेळी तुलनेसाठी सोबत ठेवावा.

एवढे धुणे आणि त्यावर ग्लुटाराल्डिहाइडचा (एन्झाइम आधाराला बंधाने जोडणारे रसायन) खर्च धरला, तर फुकटचा चोथा अल्जिनेटपेक्षा (समुद्री शेवाळापासून मिळणारा, नेहमी वापरला जाणारा आधार) महागही पडू शकतो. १९१६ साली नेल्सन आणि ग्रिफिन यांनी इन्व्हर्टेज साध्या कोळशावर चिकटूनही काम करते हे दाखवले होते. स्वस्त आधाराची कल्पना तेवढी जुनी आहे. माझ्या मते सुरुवात उसाच्या चिपाडाने किंवा घोटीच्या गिरण्यांतून मिळणाऱ्या भाताच्या तुसाने करावी. दोन्ही कोरडे असल्याने नीट साठवता येतात आणि हंगामाची घाई राहत नाही.

आधार कोणताही घ्या, तेच बसवलेले एन्झाइम किती वेळा वापरता आले याचे आकडे लिहिण्याआधी एक चाचणी करा: अभिक्रिया चालू असताना आधार गाळून काढा आणि गाळलेल्या द्रवात साखर फुटणे चालूच राहते का ते पाहा. राहत असेल तर एन्झाइम आधारावर टिकलेले नाही, सुटून पाण्यात आले आहे.

आपला चोथा लाल वाइनचा आहे की पांढऱ्या, हे कळवल्यास धुण्याविषयी अधिक नेमके लिहिता येईल.