शिंगल्सखालचा डेक आणि घराचा विमा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेतील घराच्या छपराची आपल्याला दिसतात ती फक्त शिंगल्स, म्हणजे एकावर एक चढवून ठोकलेले पातळ तुकडे. त्यांना आधार देणारा प्लायवूडचा किंवा ओएसबीचा (लाकडाचे तुकडे दाबून केलेल्या फळ्यांचा) थर, म्हणजे डेक, जुनी शिंगल्स उपटल्याखेरीज पूर्णपणे नजरेस पडत नाही. कोकणातल्या कौलारू घरात माजघरातून मान वर केली की कुजलेली रीप दिसते. इथे मात्र मध्ये सीलिंग आणि इन्सुलेशन असल्यामुळे खराबी कळते ती काम सुरू झाल्यावर, आणि नेमक्या त्याच दिवशी वाढीव खर्चाचा आकडा समोर येतो. या संदर्भात आलेल्या प्रश्नांची उत्तरे देताना मला एक गोष्ट आधीच सांगावीशी वाटते. डेकची खराबी लपलेली होती, एवढ्या कारणावर विमा कंपनी पैसे देत नाही. डेक कशाने खराब झाला किंवा तो का बदलावा लागला, या प्रश्नाच्या उत्तरावर पैसे मिळतात, आणि त्या उत्तराचा पुरावा छप्पर उघडे असेपर्यंतच गोळा करता येतो.

प्रश्न : आमचे प्लेनो, टेक्सास येथील घर 1978 सालचे आहे. गारपिटीनंतर विमा कंपनीने संपूर्ण छप्पर बदलण्यास मंजुरी दिली. परंतु जुनी शिंगल्स काढल्यावर खाली सलग प्लायवूडऐवजी अंतर सोडून ठोकलेल्या अरुंद लाकडी पट्ट्या निघाल्या. कॉन्ट्रॅक्टर प्लायवूडच्या 70 शीट्सचे वेगळे पैसे मागत आहे आणि विमा कंपनीचे, नुकसानीची पाहणी करणारे अ‍ॅडजस्टर म्हणतात की गारांमुळे पट्ट्यांचे काहीही नुकसान झालेले नाही. कोणाचे खरे मानावे?

उत्तर : दोघांचेही म्हणणे खरे आहे, अडचण अशी की मागणी पॉलिसीच्या चुकीच्या कलमाखाली गेली आहे. तुमच्या घरावर मूळची शिंगल्स लाकडी असावीत. ती खालून वाळत राहावीत म्हणून, आपल्याकडे कौलांखाली रिपा मारतात तशा, अंतर ठेवून पट्ट्या ठोकण्याची पद्धत होती. पुढे कोणीतरी त्यांच्यावर डांबरी शिंगल्स बसवली असतील. आता सगळे थर उतरल्यावर नवी डांबरी शिंगल्स त्या फटींवर ठोकता येत नाहीत, कारण इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड या घरबांधणीच्या नियमावलीतील आर 905.2.1 या कलमानुसार डांबरी शिंगल्स सलग डेकवरच बसवावी लागतात. उत्पादकांच्या लेखी सूचनाही हेच सांगतात.

म्हणून ‘गारांनी डेक फुटला’ असा दावा करू नका. तो खरा नाही आणि तो टिकणारही नाही. ‘विमासंरक्षित नुकसानीची दुरुस्ती करताना बांधकाम नियमांमुळे वाढलेला खर्च’ अशी मागणी करा. पॉलिसीत यासाठी ‘ऑर्डिनन्स ऑर लॉ’ नावाचे स्वतंत्र संरक्षण असते. घराच्या विम्याच्या प्रचलित एचओ-3 या नमुना पॉलिसीत ते घराच्या विमा रकमेच्या 10 टक्के, आणि त्या रकमेव्यतिरिक्त, असते. म्हणजे घराचा विमा 4 लाख डॉलरचा असेल तर 40 हजार डॉलरपर्यंत. एक शीट 4 फूट बाय 8 फुटांचे, म्हणजे 32 चौरस फुटांचे असल्यामुळे 70 शीट्समध्ये 2,240 चौरस फूट झाकले जाते. तुमच्या छपराच्या मोजमापाशी हा हिशेब जुळतो का, हे आधी पाहा. त्यानंतर शहराच्या बांधकाम तपासणी विभागाकडून प्लेनोत कोडची कोणती आवृत्ती लागू आहे याचे ईमेलवर उत्तर घ्या आणि ते पट्ट्यांच्या छायाचित्रांसह अ‍ॅडजस्टरकडे पाठवा.

दोन बाबी ध्यानात असू द्या. हे पैसे साधारणतः खर्च प्रत्यक्ष झाल्यावर, बिल दाखवल्यानंतर मिळतात. तसेच सर्वच कंपन्यांच्या पॉलिसीत हे संरक्षण आपोआप नसते. काहींत ते जादा प्रीमियम भरून घ्यावे लागते. मात्र ते असेल तर डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतील तुम्ही स्वतः सोसायचा वाटा, दुसऱ्यांदा कापले जाऊ नये, कारण नुकसानीची घटना एकच आहे.

प्रश्न : एडिसन, न्यू जर्सी येथील आमच्या घराची शिंगल्स वादळात उडाली. काम सुरू झाल्यावर 15 शीट्स खराब निघाली. कंपनी म्हणते, ‘ही जुनी कूज आहे, विम्यात बसत नाही.’ आम्हाला तर आत कधी गळतीचा थेंबही दिसला नव्हता. लपलेल्या कुजीचे पैसे मिळतात, असे आम्ही वाचले होते.

उत्तर : तुम्ही वाचलेल्या तरतुदी बहुधा दोन असाव्यात, आणि दोन्ही तुमच्या प्रकरणाला लागू होणे कठीण आहे. एचओ-3 मध्ये नजरेआड राहिलेल्या कुजीचा उल्लेख आहे, पण तो इमारत किंवा तिचा भाग अचानक कोसळल्यास; मऊ पडलेला डेक म्हणजे कोसळलेले छप्पर नव्हे. दुसरे म्हणजे, काही पॉलिसींत दीर्घकाळच्या लपलेल्या गळतीसाठी सवलत असते, परंतु ती बहुधा नळाच्या पाइपमधून झालेल्या गळतीपुरती असते. झीज, कूज आणि देखभालीचा अभाव यांना पॉलिसी स्पष्टपणे वगळते.

तरीही 15 पैकी 15 शीट्स नाकारली जाणे मला मान्य नाही. एकाच छपरावर जुनी कूज आणि नवे नुकसान शेजारी शेजारी असू शकते, आणि ते वेगळे ओळखता येते. कुजण्यासाठी लाकूड बराच काळ ओले राहावे लागते. वादळाच्या पाण्याने ते आठवडाभरात काळे आणि भुसभुशीत होत नाही. ज्या शीटवर एकात एक अशी डागांची वर्तुळे आहेत, खिळे गंजलेले आहेत आणि स्क्रूड्रायव्हर सहज आत जातो, तिथे पाणी वर्षानुवर्षे येत होते, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. चिमणीच्या पायाशी आणि दोन उतार मिळतात त्या खोलगट जागी असेच आढळते. याउलट शिंगल्स जिथून उडाली त्याच जागेखाली ओएसबीची कड फुगलेली असेल, थर सुटलेले असतील, पण लाकडाचा रंग स्वच्छ आणि तंतू घट्ट असतील, तर ते वादळाने उघड्या पाडलेल्या जागेतून शिरलेल्या पाण्याचे काम असण्याची शक्यता मोठी असते.

छपराचा साधा आराखडा काढा, प्रत्येक शीटला क्रमांक द्या आणि प्रत्येकासमोर कारण व छायाचित्र जोडा. समजा सहा शीट्स वादळाची ठरली, तर सहांचीच मागणी करा आणि नऊंचा खर्च स्वतः सोसा. सरसकट मागणीपेक्षा अशी विभागलेली मागणी नाकारणे अ‍ॅडजस्टरला फार अवघड जाते, हा माझा आजवरचा अनुभव आहे.

प्रश्न : आमचा कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, ‘बिलात 30 शीट्स दाखवतो, त्यात तुमचे डिडक्टिबल निघून जाईल, कंपनीशी बोलणेही मीच करतो.’ आम्ही फ्रिस्को, टेक्सास येथे राहतो.

उत्तर : कृपया यात पडू नका. न बसवलेल्या शीट्सचे बिल ही विमा फसवणूक आहे आणि त्या कागदावर तुमचीही सही असेल. 1 सप्टेंबर 2019 पासून टेक्सासमध्ये कॉन्ट्रॅक्टरने डिडक्टिबल माफ करणे किंवा ते अन्य मार्गाने भरून देणे बेकायदा आहे, आणि विमा कंपनी तुमच्याकडे ते भरल्याचा पुरावा मागू शकते. छपराचे काम करणाऱ्याला त्याच घराच्या क्लेमबाबत तुमच्या वतीने वाटाघाटी करण्यासही तेथील कायदा मनाई करतो. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये ही मनाई कायम ठेवली. कॉन्ट्रॅक्टर मोजमाप, दर आणि तांत्रिक कारणे अ‍ॅडजस्टरला समजावून सांगू शकतो. दाव्याची बोलणी तुम्ही स्वतः करा किंवा तुमच्या बाजूने काम करणारा परवानाधारक पब्लिक अ‍ॅडजस्टर नेमा.

प्रश्न : न्यू जर्सीतील 1980 च्या दशकातील टाउनहाउसमध्ये, शेजारच्या घराशी असलेल्या सामाईक भिंतीलगतचे प्लायवूड तपकिरी आणि ठिसूळ झाले आहे. गळती मात्र कुठेच नाही.

उत्तर : त्या काळात आग एका घरातून दुसऱ्या घरात पसरू नये म्हणून सामाईक भिंतीलगत अग्निरोधक रसायन मुरवलेले प्लायवूड वापरत. छपराखालच्या उष्णतेने त्यातील काही रसायनांमुळे लाकूडच कमकुवत झाले, आणि न्यू जर्सीत असंख्य घरांना याचा फटका बसला. हा दोष साहित्याचा आहे, वादळाचा नाही. त्यामुळे विम्याकडून अपेक्षा ठेवू नये. छप्पर तुमच्या मालकीचे आहे की घरमालकांच्या असोसिएशनच्या, हे नोंदणीकृत डिक्लरेशनमध्ये, म्हणजे असोसिएशनच्या मूळ दस्तऐवजात, पाहा. ते असोसिएशनचे असेल तर लेखी कळवा, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या भागावर कोणालाही चढू देऊ नका.

प्रश्न : आमचे काम पुढच्या महिन्यात आहे. आधी काय करून ठेवावे?

उत्तर : अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे सीलिंग आणि छपरामधल्या पोकळीत, बॅटरी घेऊन जा आणि डेकच्या खालच्या बाजूची छायाचित्रे आजच काढा. करारात प्रतिशीट दर लिहून घ्या. ‘लागेल तसे’ हे शब्द चालवून घेऊ नका. खराब शीट सापडल्यास ते झाकण्यापूर्वी तुम्हाला दाखवले जाईल, हीसुद्धा अट घाला. मंजुरीनंतर सापडलेल्या नुकसानीसाठी पुरवणी मागणी करता येते, त्यासाठी नवा क्लेम लागत नाही. पण मुदत राज्यागणिक बदलते. फ्लोरिडात 2022 च्या कायद्यानुसार पुरवणी मागणी नुकसानीच्या तारखेपासून 18 महिन्यांत करावी लागते.

डेक खराब निघाल्यास त्याच तासाला अ‍ॅडजस्टरला फोन आणि ईमेल दोन्ही करा व पाहणीची संधी द्या. मात्र पावसाचे चिन्ह असेल तर त्यांची वाट पाहत छप्पर उघडे ठेवू नका, कारण नुकसान वाढू न देणे ही पॉलिसीनुसार तुमचीच जबाबदारी आहे. छायाचित्रे काढून ताडपत्री घाला, आणि प्रत्येक काढलेल्या शीटचा फूटभर तुकडा क्रमांक लिहून, क्लेमचा निकाल लागेपर्यंत गॅरेजमध्ये जपून ठेवा.