रिड्यूस्ड काय-स्क्वेअर ०.६० आला, म्हणजे फिट उत्तम का?

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पासाठी ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या एसएक्सटी या क्ष-किरण दुर्बिणीने टिपलेला एका मंद स्रोताचा क्ष-किरण वर्णपट घेतला आहे. ६० बिन (ऊर्जेचे गट) केले, प्रत्येकात सरासरी ६ फोटॉन. गेरेल्सच्या सूत्राने एरर (मोजमापातली अनिश्चितता) लावून शोषणासह पॉवर लॉ (ऊर्जेच्या घातानुसार बदलणारे मॉडेल) बसवला. काय-स्क्वेअर (मॉडेल आणि मोजमाप यांतल्या फरकाचे माप) ३४ आला, रिड्यूस्ड, म्हणजे डिग्री ऑफ फ्रीडमने भागून, ०.६०. एकापेक्षा कमी आहे, तर फिट उत्तम आहे असे लिहू का?
— एक विद्यार्थिनी, माटुंगा

उत्तर : लिहू नका. ६० बिन आणि ३ मोकळे पॅरामीटर, म्हणजे वजाबाकीने ५७ डिग्री ऑफ फ्रीडम. मॉडेल आणि एरर दोन्ही बरोबर असतील तर रिड्यूस्ड काय-स्क्वेअर १ च्या आसपास येतो आणि त्याचे प्रमाण विचलन √(२/५७), म्हणजे ०.१९ असते. ३४ किंवा त्याहून कमी आकडा निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी आहे. इतका कमी काय-स्क्वेअर दिसला की आधी एररवर संशय घ्यायचा.

तुमच्या बाबतीत कारण सूत्रातच आहे. बिनमध्ये N फोटॉन असतील तर गेरेल्सची एरर १ + √(N + ०.७५) अशी असते. N = ६ असताना ती ३.६ येते, तर नेहमीची √N, इथे √६, म्हणजे २.४५. वर्ग केल्यावर एरर दुपटीहून जास्त फुगते. त्यामुळे मॉडेल अगदी बरोबर असले तरी रिड्यूस्ड काय-स्क्वेअर निम्म्याच्या जवळपासच येणार. तुमचा ०.६० मॉडेलबद्दल फारसे काहीच सांगत नाही.

मग साधी √N वापरावी का? तीही नको. ज्या बिनमध्ये योगायोगाने कमी फोटॉन पडले, त्याची एरर लहान ठरते, वजन वाढते आणि मॉडेल खाली ओढले जाते. ही घट दर बिनमागे साधारण एका फोटॉनची असते. बिनमध्ये १०० फोटॉन असतील तर एक टक्का, २० असतील तर पाच टक्के. 'किमान २० चे बिन करा' हा सल्ला सर्रास दिला जातो, पण हा पाच टक्क्यांचा फरक त्यातही उरतो. शिवाय तुमच्याकडे एकूण ३६० फोटॉन आहेत. २० चे गट केले तर जेमतेम १८ बिन उरतील.

इथे योग्य पर्याय म्हणजे वेबस्टर कॅश यांनी १९७९ मध्ये मांडलेली सांख्यिकी, म्हणजे सीस्टॅट. एक्सस्पेक या वर्णपट बसवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्टॅटिस्टिक सीस्टॅट' असा आदेश द्या. पार्श्वभूमी आधी वजा करू नका, कारण वजाबाकीनंतर उरलेले आकडे पॉयसाँ वितरणाचे (मोजणीच्या आकड्यांचे नेहमीचे वितरण) राहत नाहीत, ऋणही होतात. तिची फाइल वेगळी जोडा.

सीस्टॅटचा एक तोटा मात्र लक्षात ठेवा : फोटॉन कमी असताना 'भागिले डिग्री ऑफ फ्रीडम बरोबर १' ही कसोटी त्याला लागू पडत नाही. म्हणून चाचणी सिम्युलेशनने करा. बसवलेल्या मॉडेलमधून १००० कृत्रिम वर्णपट काढा, प्रत्येकावर मॉडेल पुन्हा बसवा आणि किती टक्के वर्णपटांचा सीस्टॅट तुमच्यापेक्षा कमी आला ते मोजा. 'गुडनेस १०००' हा आदेश अशीच सिम्युलेशन करतो, पण सोबत 'फिट' हा पर्याय द्या. पुन्हा फिट न करता काढलेले सीस्टॅट उगाच मोठे येतात आणि वाईट मॉडेलही सुटून जाते. ५० टक्क्यांच्या आसपासचा आकडा ठीक. ९५ च्या वर गेला तर मॉडेलमध्ये काहीतरी कमी आहे.

तरीही रेसिड्यूअलचा (मोजमाप वजा मॉडेल) आलेख पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. काय-स्क्वेअरला धन-ऋण चिन्ह दिसत नाही. सलग सात-आठ बिन एकाच बाजूला असले तरी बेरीज छान येऊ शकते. एसएक्सटीत १.८ केईव्हीजवळ सिलिकॉनची आणि २.२ केईव्हीजवळ सोन्याची कड (संवेदनशीलतेतला अचानक बदल) आहे, ती उपकरणाची. तिथला उंचवटा स्रोताची रेषा समजून मॉडेलमध्ये घालू नका. खरी रेषा घालायची वेळ आली तरी तिची सार्थता एफ-टेस्टने (दोन मॉडेलांच्या काय-स्क्वेअरची तुलना करणारी चाचणी) ठरवू नका : रेषेची तीव्रता शून्य ही सीमेवरची किंमत आहे आणि तिथे एफ-टेस्टचे तक्ते लागू होत नाहीत. तिथेही सिम्युलेशनच.

प्रश्न : तारकागुच्छातल्या ५० ताऱ्यांचे त्रिज्य वेग (आपल्या दृष्टिरेषेतले वेग) नॉर्मल वितरणाचे आहेत का हे केएस (कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह) चाचणीने पाहिले. सरासरी आणि सिग्मा (प्रमाण विचलन) त्याच आकड्यांवरून काढले. D, म्हणजे दोन संचयी वितरणांतला सर्वांत मोठा फरक, ०.१५ आला, मर्यादा ०.१९. चाचणी पास ना?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही. १.३६/√५० ही मर्यादा वितरण आधीच ठरलेले असेल तेव्हाची. पॅरामीटर त्याच डेटावरून काढले की लिलीफॉर्सची मर्यादा घ्यावी लागते, ०.८८६/√५०, म्हणजे ०.१२५. त्या हिशेबाने तुमचे वेग पाच टक्के पातळीवर नॉर्मल ठरत नाहीत. सायपाय या पायथॉनच्या लायब्ररीमधल्या 'केएसटेस्ट'ला सरासरी-सिग्मा तुम्हीच काढून दिलेत तर त्याचे पी-मूल्यही असेच फसवे येते.

शिवाय केएस वितरणाच्या मध्यावर संवेदनशील असते, शेपटांवर कमी. जोडताऱ्यांमुळे बिघडतात त्या नेमक्या शेपटाच, म्हणून शेपटांना जास्त वजन देणारी अँडरसन-डार्लिंग चाचणी वापरा. तिची सांख्यिकी A² काढून त्याला (१ + ०.७५/N + २.२५/N²) ने गुणा, उत्तर ०.७५२ च्या वर गेले तर पाच टक्के पातळीवर नॉर्मल नाही. वेगांच्या एरर ताऱ्यागणिक वेगळ्या असतील तर मात्र कुठलेच तयार तक्ते चालणार नाहीत. प्रत्येक ताऱ्याला त्याची एरर देऊन १००० कृत्रिम गुच्छ बनवा आणि त्यांच्या A² शी तुलना करा.