सिस्टरबाईंना विचारा : अक्काला झाला, आता माझं काय?

सिस्टरबाई, माझं वय 44. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी शिलाईवर आहे, डझनावर पैसे. सकाळी नऊला मशिनवर बसले की जेवणाची सुट्टी सोडली तर सहालाच उठते. माझ्या अक्काला (वय 52) दिवाळीनंतर स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो चालू आहे. बघायला येणारा प्रत्येकजण कारण सांगून जातो. सासूबाई म्हणतात, पैशाची पिशवी ब्लाऊजमध्ये ठेवायची म्हणून झाला. जाऊबाई म्हणतात, धाकट्याला पाचव्या महिन्यातच डब्याचं दूध लावलं म्हणून. तेव्हा अक्का विडी कारखान्यात जायची, काय करणार? ती ऐकून घेते आणि रात्री रडते. मला कोण कारल्याचा रस सांगतंय, कोण दूध बंद कर म्हणतंय. काय केलं तर मला होणार नाही? अन् मशेरीनं होतो का? मी लावते, खोटं कशाला बोलू.
– नाव छापू नये, साखर पेठ, सोलापूर

आधी ती पिशवी बाहेर काढू. निम्म्या सोलापूरची तिजोरी आजवर ब्लाऊजमध्येच राहिली आहे. दवाखान्यात तपासायला घेतलेल्या बायकांच्या पिशवीतून चिल्लर, कपाटाची किल्ली, सुपारीचं खांड, एकदा तर मंगळसूत्राची तुटलेली वाटी निघालेली मी पाहिली आहे. पिशवीनं घामोळं उठतं, कॅन्सर होत नाही. घट्ट ब्रानं, तिथं ठेवलेल्या मोबाईलनं किंवा लेकराचं डोकं आपटल्यानंही होत नाही.

आता जाऊबाईंचं दूध. अंगावर पाजल्यानं धोका कमी होतो हे खरं आहे, पण किती? 30 देशांतल्या 47 अभ्यासांची आकडेमोड 2002 साली एकत्र मांडली गेली. आयुष्यात एकूण 12 महिने पाजलं तर धोका सुमारे 4.3 टक्क्यांनी उतरतो, असं त्यात दिसलं. म्हणजे शंभरातल्या चार बायका वाचल्या असं नव्हे; मुळात जेवढा धोका होता, त्यातले चार टक्के गेले. धाकट्याचे राहिलेले महिने या हिशेबात कुठं बसतात ते तुम्हीच बघा. नव्या बाळंतिणीला मी आजही पाजायलाच सांगते, पण केमोच्या खुर्चीत बसलेल्या बाईपुढं तो हिशेब मांडणाऱ्याला मी चहासुद्धा विचारणार नाही.

अक्काला हे वाचून दाखवा : जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे, हा कॅन्सर होणाऱ्या बायकांपैकी जवळपास निम्म्यांना बाईचा जन्म आणि चाळिशीपुढचं वय यापलीकडं धोक्याचं कुठलंच खास कारण नसतं. तिनं काही चुकवलेलं नाही.

म्हणूनच ‘होणार नाही’ असं मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही, आणि कुणी देत असेल तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका. धोका थोडा कमी मात्र करता येतो. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला 1987 पासून गावोगावच्या कॅन्सरची नोंद ठेवतात, देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. त्या खेड्यांत स्तनाचा कॅन्सर मुंबईच्या मानानं कमीच आढळत आला. खेड्यात बाळंतपणं लवकर, लेकरं जास्त, पाजणं लांबलचक, दिवसभर अंगमेहनत आणि अंगावर चरबी बेताची. म्हणून कोणी सहा लेकरं काढायला सांगत नाही. त्या बायका बाळंतपणातच दगावत होत्या, ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण अंगमेहनत आणि वजन, या दोन गोष्टी तिथून उचलण्यासारख्या आहेत.

पाळी जायच्या वयात वजन का बघायचं? पाळी थांबली की अंडाशय स्त्रीहार्मोन बनवायचं दुकान बंद करतात. पोटा-कमरेची चरबी मात्र तोच माल आतल्या आत बनवत राहते, आणि त्या हार्मोनवर काही गाठी पोसतात. तुमची पाळी अजून असेल, तेव्हा आत्ता आवरलेलं वजन पन्नाशीनंतर कामाला येईल.

तुमच्या कामात हात दमतात, पाय दमत नाहीत. मी एकदा तपासणी शिबिरासाठी अशाच कारखान्यात गेले होते. टॉवेलची कड दुमडायची, सुईखाली सरकवायची, दोरा तोडायचा, पुढचा. संध्याकाळी खांदे दगड झालेले आणि पावलं सुजलेली. त्या थकव्याला व्यायाम समजू नका. आठवड्याला 150 मिनिटं झपाझप चालणं हवं. शेअर रिक्षा घराच्या अलीकडं सोडा आणि उरलेली वाट घड्याळ लावून चाला. रोज 25 मिनिटं भरली तर सुट्टीचा वार वगळूनही हिशेब पुरा होतो. चालताना बोलता यावं, भजन म्हणता येऊ नये, एवढा वेग. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं संध्याकाळी सहालासुद्धा डांबर तापलेलं असतं, तेव्हा पहाटे सिद्धेश्वर तलावाकडं जा. नियमित हालचाल करणाऱ्या बायकांत हा धोका साधारण 10 ते 20 टक्क्यांनी कमी दिसतो. कारल्याच्या रसाच्या बाजूनं असा एकही आकडा माझ्याकडं नाही. कारलं भाजीला आणा. दूध बंद करायचं कारण नाही. कडक भाकरी, डाळ, पालेभाजी हे तुमचं जेवण चांगलंच आहे; शेंगाचटणीवर तेल ओतताना तेवढा हात आखडा.

मशेरीची मुख्य भीती तोंडाच्या कॅन्सरची. तुम्ही खरं बोललात, म्हणून रागावत नाही. पण उद्या सकाळी डबी उघडायच्या आधी आरशात गालाच्या आत बघा. पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल तर त्याच दिवशी दवाखाना. नसेल तर डबी शेजारणीलाही देऊ नका, फेकून द्या.

चालणं-खाणं झालं, पण तुमच्या बाबतीत तपासणी त्याहून मोठी. सख्ख्या बहिणीला झाला की आपला धोका साधारण दुप्पट होतो. आकडा ऐकून घाबरू नका. बहिणीला झालेल्या बहुतेक बायकांना तो कधीच होत नाही. मात्र तुमची चाळिशी उलटली आहे, तेव्हा डॉक्टरांकडून हातानं तपासून घ्या आणि मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचं, विचारा. आईकडच्या किंवा वडिलांकडच्या कुणाला लहान वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा. मग जीन तपासणीचा, म्हणजे घराण्यातून उतरलेला दोष शोधण्याचा, विषय निघतो, आणि ती आधी अक्काची करतात.

हातानं तपासण्याला कमी लेखू नका. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा हॉस्पिटलनं सुमारे दीड लाख बायकांवर 20 वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासत. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. 2021 साली ते छापून आलं तेव्हा आम्ही निवृत्त सिस्टरांनी एकमेकींना फोन केले होते.

आणि आता माझंच सांगते. 2009 साली आंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. गव्हात खडा लागावा तशी, बोटाखालून न सरकणारी. दुसऱ्या बायकांना शिकवून घसा बसवलेली मी, मुलीचं लग्न होऊ दे म्हणून तीन महिने गप्प राहिले. दुखत नव्हती ना! ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ हे वाक्य मी शेकडो बायकांच्या तोंडून खोडून काढलं होतं, आणि स्वतःला तेच सांगत होते. पाण्याची गाठ निघाली, सुटले. गाठ, आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातून रक्त किंवा संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, यातलं काहीही दिसलं तर गड्ड्याची जत्राही मध्ये येऊ देऊ नका.

माझं वय 53, जुळे सोलापूर. अंगातून वाफा निघतात म्हणून डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या. दोन वर्षं झाली, त्याच चालू आहेत. शिवाय हृदयाला चांगली म्हणून आमचे हे कधीमधी वाईन आणतात, मीही थोडी घेते.

दोन वर्षांत पुन्हा दाखवलंच नाही, की दाखवून चालू ठेवल्या, ते तुम्ही लिहिलं नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन जातीचं औषध एकत्र असलेल्या गोळ्या जितकी वर्षं घ्याल तितका स्तनाच्या कॅन्सरचा धोका चढत जातो. अमेरिकेतला मोठा अभ्यास 2002 साली त्यामुळंच मध्येच थांबवला होता. गर्भपिशवी काढलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन देतात, त्याचा हिशेब वेगळा. गोळ्या मनानं बंद करू नका. पाकीट घेऊन जा आणि ‘अजून किती दिवस?’ हा एकच प्रश्न विचारा.

वाईन असो की शिंदी, या कॅन्सरच्या बाबतीत थोडी दारूसुद्धा धोका वाढवते. ह्यांना त्यांचं हृदय चालून सांभाळू दे, तुम्हीही सोबत जा.

मी हॉस्टेलवर राहते, वय 19. काळ्या ब्रानं आणि डिओडरंटनं कॅन्सर होतो असा मेसेज सगळ्या मुलींत फिरतोय. खरं आहे का?

नाही गं. रंग कुठलाही घाल, वाळलेली घाल.