मौखिक इतिहास आणि फिरत्या प्रदर्शनासाठी अनुदानाचा अर्ज कसा लिहावा?

तुमचा प्रश्न असा आहे: पाच-सहा जणांचा गट, बंद पडलेल्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यांवर फिरतं प्रदर्शन करायचं आहे, गटात कोणी प्राध्यापक नाही, संस्थेची नोंदणी नाही. अशांना अनुदान मिळतं का आणि अर्जात काय लिहायचं?

मिळतं. मी असे अर्ज लिहिलेही आहेत आणि परीक्षक म्हणून वाचलेही आहेत. वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. विषय किती महत्त्वाचा आहे हे सांगण्यात लोक अर्धा अर्ज खर्ची घालतात. परीक्षकाला ते बहुधा आधीच मान्य असतं. त्याला शोधायचं असतं ते वेगळंच: हे कोणासाठी चाललंय, ती माणसं तिथे येऊन काय करणार आणि त्यांना डोकं चालवायला काय मिळणार. ‘लाभार्थी : सर्वसामान्य जनता’ असं दिसलं की पुढची पानं जरा संशयानेच वाचली जातात. त्याऐवजी ‘त्या कामगारांची नातवंडं, ज्यांनी कारखाना चालू असताना कधी पाहिलाच नाही’ असं लिहा. म्हणजे प्रदर्शन कुठे लावायचं, कोणत्या वेळेला उघडं ठेवायचं, फलकांवर किती मजकूर ठेवायचा, हे सगळं त्या एका ओळीतून ठरत जातं.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. ‘आठवणी जतन करणे’ हा हेतू चांगला आहे, पण मानव्यविद्यांसाठी (इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान अशा विषयांसाठी) असलेला निधी मागायला तेवढा पुरत नाही. तुम्ही काय विचारताय? इटलीतल्या तेर्नी शहराचं उदाहरण बघा. लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण पोलादकामगार १९४९ साली नाटोविरोधी निदर्शनाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. पुढे इतिहासकार आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तिथल्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ सालच्या कामगारकपातीच्या आंदोलनात घडल्याचं सांगितलं. पोर्तेल्लींनी ही चूक दुरुस्त करून विषय मिटवला नाही. लोकांनी तो मृत्यू चार वर्षं पुढे का सरकवला, हाच त्यांचा प्रश्न झाला. आपल्या सोबत्याचा जीव ज्या कारणासाठी गेला, ते कारण कामगारांना पुरेसं मोठं वाटत नव्हतं, म्हणून स्मृतीने त्याला मोठ्या लढ्यात नेऊन बसवलं. तुमच्या मुलाखतींमध्येही हे होणारच. कारखाना का बंद पडला हे कामगार एक सांगतील, व्यवस्थापक दुसरं आणि शेजारच्या वस्तीतले तिसरंच. अर्जात हा विरोधाभास लपवू नका, त्यालाच प्रकल्पाचा कणा करा. प्रदर्शन बघणाऱ्यालाही तिन्ही बाजू ऐकून स्वतःचं मत बनवायला लावता आलं, तर ‘सार्वजनिक’ हा शब्द अर्जात वेगळा घुसडावा लागत नाही.

प्राध्यापक नसण्याची काळजी तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही, पण ती टाळताही येत नाही. अमेरिकेची नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज ही १९६५ साली स्थापन झालेली सरकारी संस्था सार्वजनिक प्रकल्पांनाही पैसे देते आणि प्रकल्पाच्या आशयात अभ्यासकांचा खरा सहभाग मागते. इतर ठिकाणीही अपेक्षा साधारण तशीच असते. दोन-तीन सल्लागार शोधा: एक कामगार चळवळीचा अभ्यासक, एक मौखिक इतिहास जाणणारा, जमल्यास प्रदर्शनाचा अनुभव असलेला. त्यांच्या पत्रात ‘प्रकल्प स्तुत्य आहे’ एवढंच असेल तर त्याचा उपयोग शून्य. ‘मी प्रश्नावली तपासेन, फलकांचा मजकूर दोनदा वाचेन’ असं असेल तर ते पत्र कामाचं. आणि त्यांना मानधन धरा. फुकट येणारा तज्ज्ञ ऐन वेळी परीक्षांच्या पेपर तपासणीत अडकलेला असतो.

एक जागा मात्र अभ्यासकाला देऊ नका: सल्लागारांत निदान एक माजी कामगार असू द्या.

नोंदणीचं काय? बऱ्याच मोठ्या योजना व्यक्तींना किंवा अनौपचारिक गटांना थेट पैसे देत नाहीत. मग एखादं ग्रंथालय, संग्रहालय किंवा नोंदणीकृत संस्था मुख्य अर्जदार होते आणि तुम्ही प्रकल्प चालवता. अशी संस्था हिशेब ठेवण्यासाठी काही टक्के घेते. ते रास्त आहे, फक्त आधी लेखी ठरवा. ध्वनिमुद्रणांचे हक्क कोणाकडे राहणार हेही त्याच कागदावर येऊ द्या, कारण पुढची भांडणं त्यावरूनच होतात. व्यक्तींना पैसे देणाऱ्या संस्थाही आहेत. बेंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स हे त्यांपैकी एक. तिथे प्रस्ताव कोणत्याही भारतीय भाषेत लिहिता येतो. विषय कला-संस्कृतीच्या अंगाने जात असेल तर ते जरूर पाहा.

आधी लहान अनुदान मागा. नियोजनासाठी वेगळं आणि अंमलबजावणीसाठी वेगळं, अशी विभागणी अनेक ठिकाणी असते. ब्रिटिश लायब्ररीच्या ‘एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम’मध्येही, जो २००४ पासून जगभरच्या धोक्यातल्या दस्तऐवजांच्या डिजिटायझेशनला पैसे देतो, आधी काय शिल्लक आहे हे तपासणारे छोटे पथदर्शी प्रकल्प आणि मग मोठे प्रकल्प असे वेगळे प्रकार आहेत. लहान अनुदानातून सात-आठ मुलाखती आणि एक नमुना फलक झाला की मोठ्या अर्जात ‘आम्ही करू’च्या जागी ‘आम्ही केलं, त्यातून हे कळलं’ असं लिहिता येतं. परीक्षक म्हणून सांगतो, हा फरक फार मोठा असतो.

अंदाजपत्रक शेवटच्या रात्री करू नका. अनुभवी परीक्षक अनेकदा तेच आधी उघडतात, कारण निवेदनात, म्हणजे अर्जाच्या मुख्य मजकुरात, जे झाकलेलं असतं ते आकड्यांत दिसतं. तुमच्यासारख्या प्रकल्पात कॅमेरा-मायक्रोफोनचे पैसे सगळे धरतात, शब्दांकनाचे, म्हणजे ध्वनिमुद्रण ऐकून शब्दशः लिहून काढण्याचे, विसरतात. तासाभराच्या मुलाखतीचं नीट शब्दांकन करायला सहज सहा-आठ तास लागतात. आवाज खराब असला किंवा दोघं एकदम बोलत असले तर त्याहून जास्त. मग तपासणी, जुन्या छायाचित्रांची परवानगी, फलकांची वाहतूक, मुलाखत देणाऱ्यांचा प्रवासखर्च, आणि प्रकल्प संपल्यावर फायली कुठे व कोणाच्या खर्चाने राहणार. प्रशासकीय खर्च धरायला लाजू नका. नियमात किती टक्के चालतो ते वाचून तेवढा धरा. मुद्दाम कमी आकडा दाखवला तर काटकसर दिसत नाही, कामाचा अंदाज नाही असं दिसतं.

संमतीपत्राचा मसुदा अर्जासोबत जोडा. ‘माझं नाव नको’, ‘हा भाग दहा वर्षं उघड करू नका’ असे पर्याय त्यात असू द्या. कामगार जुन्या संपाबद्दल, युनियनमधल्या फुटीबद्दल बोलतील आणि संबंधित माणसं अजून आसपास असतील. हा विचार केलेला अर्ज वाचताना लगेच ओळखू येतो.

नमुने वाचायचे असतील तर मी मघाशी सांगितलेली अमेरिकन संस्था मंजूर झालेल्या काही अर्जांची निवेदनं संकेतस्थळावर ठेवते. ब्रिटनच्या नॅशनल लॉटरी हेरिटेज फंडाच्या मार्गदर्शक सूचनाही वाचा. तिथे वारसा वाचवण्याइतकंच सर्वांचा सहभाग, पर्यावरण आणि संस्था टिकून राहणं या गोष्टींचा विचार अर्जदाराने केलाय का, हे पाहतात. तिथे अर्ज करायचा नसला तरी परीक्षक कोणत्या नजरेने बघतो ते कळतं.

एकाच दात्यावर मात्र विसंबू नका. एप्रिल २०२५ मध्ये त्याच अमेरिकन संस्थेने आधी मंजूर केलेली शेकडो अनुदानं अचानक रद्द केली. राज्याराज्यांतल्या मानव्यविद्या परिषदांची अडचण इतकी झाली की मेलन फाउंडेशन या खासगी अनुदानसंस्थेने त्यांच्यासाठी दीड कोटी डॉलरचा तातडीचा निधी जाहीर केला. म्हणून प्रकल्पाचे तुकडे असे पाडा की एक हप्ता अडला तरी मुलाखती थांबणार नाहीत. माणसं वयस्कर आहेत, प्रदर्शन वर्षभर पुढे गेलं तर चालेल.

मुदतीच्या महिना-दोन महिने आधी प्रोग्राम ऑफिसरला, म्हणजे दात्या संस्थेत ती योजना सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, एक पानाचा सारांश पाठवून बोलायची वेळ मागा. बरेच जण दचकतात, पण हे त्यांचं कामच आहे, आणि ‘तुमचा प्रकल्प या योजनेत बसत नाही’ हे दहा मिनिटांत कळलं तर तुमचे कित्येक आठवडे वाचतात. नकार आला तर परीक्षकांचे शेरे मागा. अनेक संस्था मागितल्यावर ते देतात. दोन परीक्षकांनी एकाच जागी बोट ठेवलं असेल तर ती जागा दुरुस्त करा. दोघांचे शेरे एकमेकांच्या विरुद्ध असतील तर मजकूर जास्त न बदलता पुढच्या फेरीत पुन्हा पाठवा.