छतावर दिवे बसवण्यापूर्वी

महिंद्रा थार गाडीच्या छतावर लांबलचक एलईडी बार (दिव्यांची पट्टी) बसवण्याचा तुमचा विचार समजला; तरीही खरेदीपूर्वी आपल्याला प्रकाश नेमका कुठे हवा आहे, हे ठरवावे. उंचावरून पडणारा प्रकाश दूरवर पोहोचतो आणि खड्ड्यांच्या सावल्या आखूड करतो, त्यामुळे खड्ड्याची खोली उलट कमीच जाणवते. शिवाय बार काचेच्या वरच्या कडेपासून थोडा मागे न घेतल्यास तोच प्रकाश बॉनेटवर आदळून डोळ्यांत येतो. सह्याद्रीत पावसाळी धुक्यात तर छतावरचा दिवा निरुपयोगीच ठरतो, कारण डोळ्यांसमोरचे धुकेच उजळून पांढरी भिंत उभी राहते. तिथे बंपरवर खाली बसवलेले, रुंद झोताचे पिवळे दिवे कामाला येतात.

वॅटच्या आकड्यांना भुलू नका. झोताचा आकार आणि पाणी रोखणारे आयपी ६७ मानांकन पाहा. १२ व्होल्टवर १२० वॅटचा बार सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतो, म्हणून रिले (लहान स्विचने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा भाग), बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज आणि पुरेशी जाड वायर यांत काटकसर नको. सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी छत, असेल तर बारचा भार कापडावर नव्हे, काचेच्या चौकटीवर किंवा भक्कम रॅकवर हवा. वेगात वाऱ्यामुळे बार शिट्टी वाजवतो, तो त्रास वेगळाच.

सार्वजनिक रस्त्यावर हे दिवे बंद आणि झाकलेलेच असावेत. नाहीतर समोरचा चालक क्षणभर आंधळा होतो.